बोटं दुखतात, मग ईसीजी कशाला?

पत्र:

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४६. आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, रोज दोनशे-अडीचशे पोळ्या लाटते. दीड वर्षापूर्वी दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळत नाही, दहा वाजेपर्यंत बोटं लाकडासारखी. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. दोन महिने घेतली. मग मेडिकलवाला म्हणाला, ही कॅन्सरची गोळी आहे. घाबरून बंद केली. आता शेजारच्या गावाहून पुडी आणते. तिने तीन दिवसांत बोटं मोकळी झाली. सहा महिने घेतेय, तोंडही भरलंय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. जास्तच ठणकलं तर डायक्लोफेनॅक घेते. परवा डॉक्टरांकडे गेले तर ते रागावले आणि ईसीजी, टूडी इको, छातीचा फोटो लिहून दिला. बोटं दुखतात आणि हे हृदय तपासणार, हा खर्च वाढवायचा प्रकार नाही का? कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे. मला तसा काही त्रास नाही. हल्ली गच्चीवर पापड घालायला चढताना धाप लागते, पण ते वयामुळे असेल. सासूबाई म्हणतात, सांधेदुखीने कुणी मरत नाही. आंबट, वांगं, बटाटा, डाळी सगळं सोडलंय. व्यसन काही नाही, मिश्री तेवढी. रिपोर्ट सोबत पाठवतेय. काय करू?

एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासून सुरुवात करते. गच्चीवर चढताना लागणारी धाप. शेहेचाळिसाव्या वर्षी, रोज उभ्याने काम करणाऱ्या बाईला एक जिना चढून धाप लागत असेल, तर ते वय नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तिन्ही तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. त्यांनी खर्च वाढवलेला नाही. त्यांनी तुमचा आजार नीट ओळखलाय, आणि मला वाटतं ते रागावले तेही काळजीनेच. आणि हे वाचत असताना धाप बसल्या जागी लागत असेल, छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा पाठीत दुखत असेल, दरदरून घाम येत असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. उठा आणि थेट दवाखाना गाठा.

आता तुमचा प्रश्न. बोटांचा आणि हृदयाचा संबंध काय?

आपल्याकडे गुडघा दुखला तरी संधिवात आणि बोटं सुजली तरी संधिवात. पण वयानुसार गुडघ्याची झीज होते ते दुखणं वेगळं. ते चालल्यावर, संध्याकाळी वाढतं आणि सकाळचा आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो. तुमचं उलटं आहे. दोन्ही हातांना सारखंच, लहान सांध्यांत, आणि सकाळचे तीन-चार तास हात चालत नाहीत. हा आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या सांध्यांवर उलटतात. सांध्याच्या आत एक पातळ, मऊ अस्तर असतं. त्यात दाह सुरू झाला की ते फुगतं, जाड होतं, कूर्चेवर चढत जातं आणि हळूहळू हाडाची कड कुरतडतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची मोठी पाहणी झाली होती, त्यात हा आजार हजारात साधारण पाच जणांना आढळला. बायकांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे तुमच्यासारख्या बाया जवळपास प्रत्येक गावात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी 'वाताचं दुखणं' म्हणून गप्प बसल्या आहेत.

पण हा दाह सांध्यात कोंडून राहत नाही. त्या फुगलेल्या अस्तरातून काही रासायनिक निरोप रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. ते यकृतापर्यंत पोचले की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लागतं. तुमच्या रिपोर्टवर सीआरपी ३८ आहे. शेजारच्या रकान्यात बघा, ते ५ च्या आत असायला हवं. बोटांच्या सुजेचा हिशेब यकृत रक्तात लिहून ठेवतंय, असं समजा. त्याच निरोपांमुळे शरीर लोह कुलूपबंद करून ठेवतं, आणि रक्त बनवणाऱ्या हाडांच्या मगजाला ते मिळत नाही. तुमचं हिमोग्लोबिन ९.२ आहे, आणि रक्तवाढीच्या गोळ्या खाऊनही ते हलत नसेल तर हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात होणारा सूक्ष्म रक्तस्राव. दोन्ही तपासायला हवीत, कारण तुमची धाप कमी रक्तामुळेही असू शकते.

आणि तेच निरोप रक्तवाहिन्यांच्या आतल्या कातडीला पोचतात. ती कातडी गुळगुळीत राहत नाही, तिथे चरबीचे थर लवकर बसतात आणि बसलेले थर ठिसूळ होतात. असा थर फुटला की त्यावर गुठळी होते. हार्ट अटॅक म्हणतात तो हाच. आमवात असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका त्याच वयाच्या, तशाच प्रकृतीच्या इतरांपेक्षा साधारण दीडपट धरतात. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत तर सरळ सांगितलंय की नेहमीच्या पद्धतीने धोका मोजा आणि त्याला दीडने गुणा.

कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. या आजारात एक फसवी गोष्ट घडते. दाह जोरात असला की कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येतो, आणि धोका मात्र वर जातो. कागदावर सगळं छान दिसतं. आजार आटोक्यात आल्यावर ते पुन्हा तपासायचं, तेव्हाचा आकडा खरा.

दाह कमी केला तर हृदय खरंच वाचतं का, हे डॉक्टरांनाही बरीच वर्षं पक्कं माहीत नव्हतं. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. पूर्वी अटॅक येऊन गेलेले आणि रक्तात दाह दाखवणारे दहा हजारांवर रुग्ण. त्यांना दिलेलं औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नव्हतं, फक्त दाहाचा एक निरोप अडवत होतं. तरी दिलेल्या तीन मात्रांपैकी मधल्या मात्रेत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. ते औषध तुम्हाला घ्यायचं नाही, महाग आहे आणि त्याने जंतुसंसर्गही वाढतो. पण दाह हा स्वतःच हृदयाचा शत्रू आहे, ही गोष्ट त्या दिवसापासून अंदाजाची राहिली नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझी मोठी मावशी कोकणात होती. तिची चारही बोटं करंगळीच्या बाजूला झुकलेली. त्याच बोटांनी ती मोदकाच्या पाऱ्या पाडायची, आणि आम्ही मुली तिच्यासमोर बसून मोजायचो. एकवीस पाडल्याशिवाय ती मोदक मिटत नसे. वीस वर्षं तिने वेदनाशामक गोळ्यांवर काढली. शुगर नाही, बीपी नाही, अंगाने काटकुळी. एकसष्टाव्या वर्षी एका सकाळी जबडा दुखतो म्हणाली, घाम आला. घरच्यांनी पित्त समजून ओव्याचं पाणी दिलं. दुपारी ती गेली. मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मलाही तिच्या बोटांचा आणि त्या सकाळचा संबंध लागला नव्हता. तो पुढे बऱ्याच वर्षांनी लागला. सांधेदुखीने कुणी मरत नाही हे वाक्य कुणी म्हटलं की मला तो ओव्याचा पेला दिसतो.

हृदयाइतकंच फुप्फुसांकडेही लक्ष हवं. काही रुग्णांत दाह फुप्फुसाच्या जाळीत उतरतो. कोरडा खोकला येतो, चढताना दम लागतो. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून मोठा श्वास घ्यायला सांगितला की तळाशी एक बारीक आवाज येतो, चपलेचा वेल्क्रोचा पट्टा हळू उघडावा तसा. हा आवाज ऐकला की आम्ही सीटी स्कॅन सांगतो. तुमचा छातीचा फोटो त्यासाठी आहे. फोटोत काही दिसलं नाही आणि धाप तशीच राहिली, तर सीटीबद्दल तुम्ही स्वतः विचारा. डोळे कोरडे पडणं किंवा लाल होऊन खोल दुखणं, हाडं ठिसूळ होणं, मन सतत खिन्न राहणं, हेही याच आजाराच्या घरचं आहे. यातलं काही असेल तर ते सांधेदुखीच्या डॉक्टरांनाच सांगा, त्यांचा विषय नाही असं समजून गाळू नका.

आता पुडी. ताई, इथे मला स्पष्ट बोलू द्या.

तुमची पुडी मी पाहिलेली नाही. पण दीड वर्ष सुजलेली बोटं तीन दिवसांत मोकळी करायची आणि सहा महिन्यांत तोंड गोल करायचं, अशी करणी स्टेरॉइडची, म्हणजे दाह झटकन दाबणाऱ्या जोरदार औषधाची असते. तब्येत सुधारलेली नाही, चेहरा सुजलाय. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांत ती चालत बाहेर पडली, बाजारात जाऊन आली. जग थक्क झालं, १९५० मध्ये हेंच आणि त्यांच्या दोन सहशोधकांना नोबेल मिळालं. आणि मग पुढच्या काळात गोल चेहरे, वाढलेली साखर, मोडणारी हाडं, आटोक्यात न येणारे जंतुसंसर्ग दिसायला लागले. स्टेरॉइड वाईट औषध नाही. आम्हीही देतो, पण मोजून, थोड्या मात्रेत, थोडे दिवस, मुख्य औषधाचा असर सुरू होईपर्यंत. पुडीत किती मिलिग्रॅम आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पण म्हणून आज रात्री ती पुडी गटारात फेकू नका. हे फार महत्त्वाचं आहे. सहा महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी आपलं स्वतःचं उत्पादन थांबवतात. पुडी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणं, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. लाजू नका, आमच्या टेबलावर अशा पुड्या रोज येतात. ते मोजक्या मात्रेची गोळी देऊन ती हळूहळू उतरवतील. साखर, रक्तदाब आणि हाडांची घनता यांची तपासणी त्याच वेळी होऊ द्या.

डायक्लोफेनॅक दुखणं दाबतं, पण हाडाचं कुरतडणं थांबवत नाही. रोज घेतलं तर पोटात अल्सर होतो, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं थकतात आणि हृदयाचा धोका आणखी वाढतो. आपल्याकडची गिधाडं याच औषधाने जवळपास संपली. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी आणली. माणसाची मूत्रपिंडं गिधाडाइतकी नाजूक नसतात हे खरं, पण स्टेरॉइडच्या जोडीला ते नको. डॉक्टरांना भेटेपर्यंत अगदीच असह्य झालं तर साधं पॅरासिटामॉल घ्या.

आणि ती 'कॅन्सरची गोळी'. मेथोट्रेक्सेट. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. कॅन्सरमध्ये ती कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आणि तेवढ्यात ती पेशी मारत नाही, चवताळलेल्या पेशींना शांत करते. जगभर या आजारात बहुतेकांना पहिलं औषध म्हणून तीच देतात. ती ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमवरमचे. तिच्यासोबत जी फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ते फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करण्याचं कामही त्यांच्याच चमूने केलं. नियमित मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले आहेत. म्हणजे तुम्ही जी गोळी भीतीने सोडलीत, ती बोटांबरोबर हृदयालाही सांभाळत होती.

तिचा असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तुम्ही दोन महिन्यांनी सोडलीत, म्हणजे पीक कापायच्या तोंडाशी शेत सोडून आलात. गोळी पुन्हा सुरू करायची ती डॉक्टरांनी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडं तपासल्यावरच, मनाने घरातली जुनी पाकीटं काढून नव्हे. पाळी सुरू असेल तर गर्भ राहणार नाही याची पक्की काळजी हवी, ही गोळी गर्भाला घातक आहे. दारू वर्ज्य. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागेल, तो खर्च टाळू नका. गोळी स्वतः फार स्वस्त आहे.

एकच चूक मात्र कधीही होऊ देऊ नका. ही गोळी आठवड्यातून एकदाच. माझ्याकडे एक काका आले होते, तोंडभर फोड, पाणी गिळवेना, ओठांवर रक्ताची खपली. मुलगा म्हणाला, बाबा गोळ्या अगदी न चुकता घेतात. चुकत नव्हते तेच चुकलं होतं. दहा दिवस ते ती रोज घेत होते आणि फॉलिक ॲसिड रविवारी. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या, अदलाबदल झाली होती. पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या होत्या की त्यांना पंधरवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा केंद्राच्या सुट्टीचा वार ठरवा, घरातल्या कालनिर्णयवर त्या वाराला लाल गोल करा, गोळी घेतली की त्यावर फुली मारा. पाकिटावरही मार्करने वार लिहा. तोंडात फोड, ताप किंवा वाढता कोरडा खोकला आला तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

आजार सुरू झाल्यापासूनचे पहिले महिने सर्वांत मोलाचे असतात. तुमचं दीड वर्ष गेलंय. गेलेल्याबद्दल मी बोलत नाही, पण हाडाची झीज पहिल्या दोन वर्षांत वेगाने होते आणि झिजलेलं हाड परत भरत नाही. म्हणून आता आणखी एक महिना 'बघू' म्हणून घालवू नका. एका गोळीने सीआरपी खाली आला नाही तर दुसरी जोडता येते, पुढची औषधंही आहेत. जमल्यास संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, एकदा दाखवा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची तेही त्यांना विचारा.

'व्यसन काही नाही, मिश्री तेवढी.' ताई, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आपल्या बायांना तिचं व्यसन वाटत नाही कारण ती दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते. बिडी-सिगारेटच्या धुराने आमवाताचा धोका वाढतो आणि असलेला आजार औषधाला दाद देईनासा होतो, हे सिद्ध झालंय. मिश्री हिरड्या खराब करते, तोंडाच्या कॅन्सरचं कारण आहे. आणि हिरड्यांचं आमवाताशी नातं आहे. हिरड्यांच्या आजारातला एक जंतू आपल्या प्रथिनांत असा बदल घडवतो की शरीराला ती परकी वाटायला लागतात. तुमच्या रिपोर्टवर अँटी-सीसीपी जास्त आलंय ना, ती चाचणी अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. दातांच्या डॉक्टरांना दाखवा, हिरड्या स्वच्छ करून घ्या. सकाळची मिश्री आधी सोडा, मग रात्रीची. घरात कुणी बिडी ओढत असेल तर त्याने अंगणात ओढावी एवढं म्हणून थांबू नका, सोडायला सांगा.

खाण्याचं तुम्ही जरा जास्तच मनावर घेतलंय. आंबट, वांगं, बटाटा सोडून हा आजार बरा होत नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळा. डाळी मात्र आजच्या आज परत सुरू करा. दाहाने स्नायू झिजतात, त्यात प्रथिनं बंद केलीत तर हातात लाटणं धरायचं बळ कुठून येणार? दही, ताक, अंडी, उसळी खा. मासे चालत असतील तर बांगडा, तारली. त्यातल्या स्निग्धांशाने सकाळचा आखडलेपणा थोडा कमी होतो. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जेवणात ठेवा, चांगलीच आहे, पण ती औषधाची जागा घेणार नाही. पापड-लोणच्याचं मीठ मात्र आवरा, पुडीने आधीच अंगात पाणी साठलंय.

राहता राहिले तुमचे हात. पोट त्यांच्यावर आहे, म्हणून काम सोडा असं मी सांगणार नाही. कणीक मळणं सर्वांत वाईट, कारण त्यात बोटांच्या मुळाशी सगळा भार येतो. पीठ मळायचं यंत्र घ्या, सोन्याचा दागिना घेण्याआधी घ्या. लाटणं जाड मुठीचं घ्या, किंवा दोन्ही टोकांना कापडी पट्टी गुंडाळून मूठ जाड करा. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवून बोटं हळूहळू उघडमीट करा, मगच कामाला लागा. बरण्यांची झाकणं तळहाताच्या जोरावर उघडा, बोटांच्या नाही. आणि ज्या दिवशी सांधे गरम आणि लाल असतील त्या दिवशी लाटायला घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवा. पोळ्या वाकड्या झाल्या तरी गिऱ्हाईक खाईल.

ईसीजी, इको आणि छातीचा फोटो झाला की तिन्ही रिपोर्ट मला पाठवा. तोवर गच्चीवर पापड घालायला मुलांना धाडा.